अमेरिकेतल्या ट्राम जनरल मोटर्सनेच मारल्या?

जनरल मोटर्सने ट्राम विकत घेऊन भंगारात काढल्या, ही कथा १९७४च्या सिनेट सुनावणीपासून जोरात फिरते. अर्धसत्य आहे. शहरोशहरीच्या ट्राम-बस कंपन्या विकत घेणाऱ्या नॅशनल सिटी लाइन्समध्ये मोटार बनवणारी जनरल मोटर्स, टायर बनवणारी फायरस्टोन वगैरेंचा पैसा होता, हे खरं. पण १९४९मध्ये या कंपन्या दोषी ठरल्या त्या नॅशनल सिटीला होणाऱ्या बस आणि इतर मालाच्या विक्रीत मक्तेदारीचा कट केल्याबद्दल. वाहतूकसेवाच बळकावल्याच्या आरोपातून सुटल्या. दंड, कंपनीमागे ५,००० डॉलर!

ट्राम आधीच डबघाईला आल्या होत्या. अनेक शहरांत करारांनी भाडं पाच सेंटवर जखडलेलं, वर रुळांलगतच्या रस्त्याची दुरुस्तीही कंपनीच्याच माथी. कित्येक ट्राम वीज कंपन्यांच्या जिवावर तगून होत्या. १९३५च्या कायद्याने वीजसमूहांना असे जोडधंदे सोडायला लावले. लॉस एंजेलिसची पॅसिफिक इलेक्ट्रिक ही ट्राम कंपनी तर नॅशनल सिटीची कधी नव्हतीच. तिचा शेवटचा मार्ग १९६१मध्ये बंद केला सरकारी प्राधिकरणाने.