ब्रेक चिकटलाय की शाफ्टला पीळ बसलाय?

जुना फोर व्हील ड्राइव्ह ट्रक चालवणाऱ्यांची एक ठरलेली तक्रार असते: वळताना गाडी अडते, कोणीतरी मागून धरून ठेवल्यासारखी. निदानही ठरलेलंच, "ब्रेक चिकटलाय." चाकं उघडली जातात, पॅड आणि लायनर बदलले जातात आणि पुढच्या वळणावर गाडी पुन्हा अडते. मग कोणीतरी म्हणतं, गाडीच पनवती आहे. गाडी पनवती कधीच नसते. तिच्यात ब्रेक ऑइलचा दाब एका वाटेने जातो आणि इंजिनाची फिरकी दुसऱ्या वाटेने. बिघाड यांपैकी एका वाटेवर असतो, आणि कोणत्या, हे हत्यार हातात घ्यायच्या आधीच बऱ्यापैकी ठरवता येतं.

आधी फिरकीची वाट बघू, कारण तिथली भूमिती फार देखणी आहे.

जुन्या ट्रकांत बहुतेक वेळा 'पार्ट टाइम' फोर व्हील ड्राइव्ह असतो. ट्रान्सफर केसमधून, म्हणजे फिरकीचे दोन वाटे करणाऱ्या गिअरपेटीतून, एक शाफ्ट मागच्या ॲक्सलकडे आणि एक पुढच्या ॲक्सलकडे जातो. डाव्या-उजव्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारं डिफरन्शियल प्रत्येक ॲक्सलमध्ये असतं. पण पुढच्या आणि मागच्या शाफ्टच्या मध्ये असं काहीच नसतं. लिव्हर फोर-हायमध्ये, म्हणजे चारही चाकं जोडणाऱ्या जागी, टाकला की दोन्ही शाफ्ट दातांनी एकमेकांत घट्ट अडकतात आणि त्यांना एकाच वेगाने फिरावं लागतं.

सरळ रस्त्यावर हे चालून जातं. वळणावर चालत नाही. समजा मागच्या ॲक्सलचा मध्य 8 मीटर त्रिज्येच्या वर्तुळावरून जातोय आणि दोन ॲक्सलमधलं अंतर 3 मीटर आहे. वळणाचा केंद्रबिंदू, मागचा ॲक्सल आणि पुढचा ॲक्सल यांचा काटकोन त्रिकोण होतो. पायथागोरस लावा: पुढच्या ॲक्सलची त्रिज्या 64 अधिक 9 यांचं वर्गमूळ, म्हणजे सुमारे 8.54 मीटर. पाव वर्तुळ वळल्यावर मागचा ॲक्सल 12.57 मीटर चाललेला असतो आणि पुढचा 13.42 मीटर. फरक 85 सेंटिमीटर. टायरचा परिघ 2.3 मीटर धरला, तर पुढच्या चाकांना तिसऱ्या हिश्शाहून थोडा जास्त फेरा जादा हवा असतो. ॲक्सलमधल्या गिअरचं गुणोत्तर 4 असेल, तर शाफ्टच्या हिशोबात हा फरक जवळजवळ दीड फेऱ्याचा होतो. एका साध्या वळणात दीड फेरा!

पोलादी शाफ्ट इतका पिळला जाणं शक्यच नाही. तो काही अंश पिळला जातो, टायरच्या भिंती थोड्या दबतात, बाकीचा हिशोब टायर घसरूनच चुकता होतो. चिखलात, वाळूत, बर्फात टायर सहज घसरतो, म्हणून तिथे चालकाला काही जाणवत नाही. कोरड्या डांबरावर टायर सुटायला तयार नसतो. ताण साठत जातो, गाडी अडते आणि शेवटी एखादं चाक हिसका देऊन सरकतं. ब्रेकचा इथे काडीचाही संबंध नाही.

पीळ बसला की लिव्हरही निघत नाही. दोन्ही शाफ्ट जोडणारी दातेरी बाही आडवी सरकवायची असते, पण दातांवर पिळाचा दाब असतो. घर्षण दाबाच्या प्रमाणात वाढतं, त्यामुळे हाताचा जोर अपुरा पडतो. लिव्हरवर लाथा मारून बाही सरकवणारा आतला फोर्क वाकवणारे लोक पाहिले की वाईट वाटतं. स्टिअरिंग सरळ करा, गाडी हळूहळू काही मीटर मागे घ्या. फिरकीची दिशा उलटताना दातांवरचा दाब क्षणभर शून्यावर येतो आणि त्याच क्षणी बाही सरकते.

सरळ रस्त्यावरही पीळ बसत असेल तर टायर बघा. पुढचे नवे आणि मागचे 6 मिलिमीटर झिजलेले असले, तर परिघात दीड टक्क्याच्या आसपास फरक पडतो. म्हणजे दर किलोमीटरला साधारण 15 मीटरचं भांडण. आणि फोर व्हील ड्राइव्ह टाकला की गाडी लवकर थांबते, हा समज डोक्यातून काढून टाका. ब्रेक चारही चाकांना आधीपासूनच असतात. थांबण्याची मर्यादा टायर आणि रस्ता यांच्यातली पकड ठरवते.

आता खरंच चिकटलेला ब्रेक. लिव्हर टू व्हीलमध्ये ठेवून, म्हणजे पुढचा शाफ्ट सोडवून, ब्रेक फारसा न वापरता काही किलोमीटर चालवा आणि चाकांजवळ हात नेऊन बघा, रिमला हात लावू नका. एकच चाक तापलेलं असेल तर बिघाड तिथे आहे.

डिस्क ब्रेकमध्ये पॅड दाबणारा पिस्टन मागे खेचणारी स्प्रिंग नसते. पिस्टनभोवतीची चौकोनी छेदाची रबरी रिंग दाबामुळे किंचित मुरडते आणि दाब गेला की सरळ होताना पिस्टनला मिलिमीटरच्या काही अंशाने मागे ओढते. पण दाब गेलाच नाही तर? चाकाकडे ऑइल नेणारी जुनी रबरी नळी, म्हणजे होज, आतून फुगून बारीक होते. पायाच्या जोराने ऑइल तिच्यातून पुढे जातं, परत यायला मात्र तेवढा जोर नसतो. चाक स्टँडवर उचला, पेडल दाबून सोडा आणि कॅलिपरचा (पिस्टन बसवलेल्या पकडीचा) ब्लीडर निपल, म्हणजे ऑइल आणि हवा बाहेर काढायचा स्क्रू, सैल करा. चाक मोकळं झालं नाही, तर पिस्टन किंवा कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या सरकपिना गंजल्यात. मोकळं झालं, तर दाब अडकला होता. मग पुन्हा पेडल दाबून सोडा आणि या वेळी होजच्या वरच्या टोकाचा जोड सैल करा: तरीही चाक जाम राहिलं तर होज बदला, सुटलं तर पेडलने दाब तयार करणाऱ्या मास्टर सिलिंडरकडे वळा. नंतर हवा काढायला विसरू नका. 'सील नवे करणारं' कुठलंही द्रावण ब्रेक ऑइलमध्ये ओतू नका. त्यात खनिज तेल असेल तर ब्रेकचे रबर फुगून निकामी होतात.

एक बिघाड मात्र दोन्हीकडे दिसतो. पेडल दगडासारखं कडक झालंय आणि पुढची चाकंही जोडली जात नाहीत. काही जुन्या ट्रकांत पायाचा जोर वाढवणारा ब्रेकचा बूस्टर आणि पुढचा ॲक्सल जोडणारी यंत्रणा, दोन्ही इंजिनाच्या व्हॅक्यूमवर चालतात. इंजिन बंद ठेवून पेडल पाच-सहा वेळा दाबा, दाबूनच धरा आणि इंजिन सुरू करा. पेडल थोडं खाली गेलं पाहिजे. गेलं नाही, तर ॲक्सलकडे जाणारी रबरी नळी चिमट्याने बंद करून हीच चाचणी पुन्हा घ्या. आता पेडल खाली गेलं, तर गळती त्याच फाट्यावर आहे, आणि बूस्टर बदलायचा खर्च वाचला.