विजयदुर्गची गोदी, जी बघायची राहून जाते

विजयदुर्गला लोक येतात, तिहेरी तटबंदी बघतात, बुरुजावर फोटो काढतात आणि देवगडच्या वाटेला लागतात. मीपण पहिल्यांदा तेच केलं. दुसऱ्या वेळी मुक्काम होता म्हणून गिर्ये गावाच्या बाजूला खाडीवर गेलो, ओहोटी होती, समोर चिखल आणि खडकात खोदलेली भलीमोठी जागा, लांबी शंभर मीटरच्या वर. हीच ती आरमाराची गोदी. गावाला खरा अर्थ तिथे येतो, किल्ला हा तिचा पहारेकरी म्हणा ना.

काम साधं होतं. भरतीला जहाज तरंगत आत घ्यायचं, पाणी उतरलं की ते कोरडं पडतं, मग तळाला चिकटलेली कालवं खरवडा, किडलेली फळी बदला, परत भरतीला बाहेर. मोठं जहाज असेल तर उधाणाची वाट बघत असणार. वाघोटण खाडी खोल, पावसाळी वाऱ्यापासून आडोसा, आणि वरच्या अंगाला सह्याद्रीचं सागवान. अजून काय पाहिजे?

विजयदुर्गचं जुनं नाव घेरिया. १६५३ मध्ये शिवाजी महाराजांनी आदिलशाहीकडून घेतलं, पण समुद्रावर दरारा बसला तो मराठी आरमार सांभाळणाऱ्या आंग्र्यांच्या काळात. त्यांची गुराबं दोन-तीन डोलकाठ्यांची, पाण्यात कमी बुडणारी, आणि गलबतं त्याहून लहान, वल्ह्यांवर पळणारी. वारा पडला की इंग्रजांचं मोठं जहाज जागेवर खिळायचं आणि गलबतं गुराबांना ओढत त्याच्या पाठीमागे आणून सोडायची, तिथे त्याच्या तोफा कमी. १७२० ला इंग्रज येऊन हात हलवत परत गेले, १७२४ ला डच, त्यांचंही तेच.

आणि मग १७५६. हे वाचताना दर वेळी चिडायला होतं. तुळाजी आंग्रे आणि नानासाहेब पेशव्यांचं फाटलं होतं, पेशव्यांनी इंग्रजांशी हातमिळवणी केली, फेब्रुवारीत इंग्रजांचा आरमारप्रमुख वॉटसन समुद्रातून चालून आला आणि त्यांचा सेनानी क्लाईव्ह जमिनीवरून. तोफगोळा पडून पेटलं कोण, तर तुळाजीने इंग्रजांकडूनच पकडलेलं रिस्टोरेशन नावाचं जहाज! शेजारी शेजारी बांधून ठेवलेलं सगळं आरमार त्या आगीत गेलं, बांधणीला लावलेली जहाजंसुद्धा. किल्ला पेशव्यांना मिळाला तोही लगेच नाही, बाणकोट इंग्रजांना दिल्यावर.

पुढे पेशव्यांचं आरमार धुळपांकडे आलं आणि गोदी परत चालू झाली. १७८३ च्या एप्रिलमध्ये आनंदराव धुळपांच्या आरमाराने इंग्रजांचं रेंजर नावाचं जहाज पकडलं, म्हणजे जळल्यावर सत्तावीस वर्षांनी इतकी ताकद परत उभी राहिली होती, हे शाळेत कोणी सांगितलंच नाही. १८१८ ला मात्र पेशवाई संपली आणि सगळंच आवरलं. पुढे मुंबई-गोवा बोटी इथे थांबायच्या, त्याही बंद झाल्या, आता चाकरमानी गणपतीला येतात ते एसटीने नाहीतर गाडीने.

गिर्ये गावात रामेश्वराचं देऊळ आहे, जांभा कापून केलेल्या वाटेने खाली उतरायचं. तिथे तुळाजीचे भाऊ संभाजी आंग्रे यांची समाधी आहे, तीपण बघा. आणि गोदीवर जायचं असेल तर ओहोटीची वेळ गावात विचारून निघा, भरतीला नुसतं पाणी दिसतं.