बोटं आखूड आहेत म्हणून गिटार जमत नाही?

'आखूड बोटांच्या माणसानं गिटारच्या नादी लागू नये,' हे वाक्य वर्षानुवर्षं फिरतंय. कॉर्ड (एकत्र वाजवायचे सूर) नीट वाजत नाही तेव्हा ते पटतंही, कारण बोट खरंच पोचत नाहीये असं वाटतं.

पण आधी मोजून बघा. ६५० मिलिमीटर स्केलच्या (तारेच्या वाजणाऱ्या लांबीच्या) गिटारवर पहिला फ्रेट, म्हणजे मानेवरच्या धातूच्या पट्टीआधीची जागा, साधारण ३६ मिलिमीटरचा, पाचवा २९ चा. ई मायनर कॉर्डला दोनच बोटं लागतात, पाचव्या आणि चौथ्या तारेवर, दोन्ही दुसऱ्याच फ्रेटमध्ये. ताणायचं आहे कुठे?

सी मेजरला मात्र अनामिका तिसऱ्या फ्रेटपर्यंत जाते. तिथे अंगठा बघा. तो गिटारच्या मानेवरून वर डोकावत असेल तर बोटं आखडतात. मागे मध्यावर आणा, तीच बोटं पुढे सरकतील. बोट फ्रेटच्या पट्टीला खेटून, टोकावर उभं. एकेक तार छेडा, खरखरणारी लगेच सापडते.

आणि तर्जनी पहिल्या फ्रेटमध्ये आडवी दाबायची तो एफ कॉर्ड? तिथे कधी कधी दोष गिटारचाच असतो. तार तिसऱ्या फ्रेटमध्ये दाबा, पहिल्या पट्टीवर कागदाएवढी फट उरायला हवी. जास्त असेल तर तारा उंच आहेत. दुरुस्तीवाल्याकडून नट, म्हणजे मानेच्या टोकाला तारा टेकतात ती खाचांची पट्टी, घासून घ्या.