पोस्ट झालं, पण जपलं गेलं का?

आज तरुण आपली बोली, आपली गाणी समाजमाध्यमांवर टाकतात, पण तेवढ्याने ती जपली जातात का? बोली आणि गाणी जागेवर जाऊन ध्वनिमुद्रित करण्याची सुरुवात १८९० ची. अमेरिकेतल्या मेन राज्यात संशोधक जेसी वॉल्टर फ्यूक्स यांनी पासामाक्वाडी या तिथल्या मूळ रहिवासी लोकांची गाणी, कथा मेणाच्या नळकांड्यांवर टिपल्या. यंत्र संशोधकाचं, मुद्रणं संस्थेकडे. गाणाऱ्यांच्या हाती काहीच नाही. ही रीत पुढे बराच काळ चालली.

ती मोडून लोकांनी स्वतःच आपली भाषा मांडायची, तर आधी लिपी संगणकात यावी लागली. युनिकोड म्हणजे जगातल्या लिपींची अक्षरं संगणकासाठी ठरवून देणारं मानक; १९९१ च्या त्याच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरी होती. सगळ्यांचं नशीब तेवढं बरं नव्हतं. गिनीतल्या अब्दुलाये आणि इब्राहिमा बॅरी या भावांनी १९८९ च्या सुमारास, शाळकरी वयात, फुलानी भाषेसाठी आदलाम लिपी घडवली. हाताने उतरवलेल्या वह्यांमधून ती पसरली. युनिकोडमध्ये जागा मिळायला २०१६ उजाडलं. आजची मुलं आपली भाषा रोमन अक्षरांत लिहितात म्हणून त्यांच्या भाषाप्रेमावर बोट ठेवलं जातं, कळफलक होता का हे कुणी विचारत नाही.

मायस्पेस (२००३, गाणी टाकण्यासाठीही वापरलं जाणारं समाजमाध्यम), फेसबुक (२००४), यूट्यूब (२००५) आले आणि कॅमेरा, व्यासपीठ दोन्ही तरुणांकडे आलं. शाळेत जिचं हसं व्हायचं ती बोली प्रोफाइलवर मिरवता येऊ लागली. मात्र छोट्या व्हिडिओंच्या चढाओढीत एकच कडवं हजारदा फिरतं. उरलेली कडवी कुणी रेकॉर्डही करत नाही.

आणि फिरणं म्हणजे टिकणं नव्हे. सर्व्हर हलवताना २००३ ते २०१५ मधली, अंदाजे ५ कोटी गाणी गेल्याचं मायस्पेसच्या बाबतीत २०१९ मध्ये उघड झालं. इंटरनेट आर्काइव्ह या डिजिटल संग्रहालयाच्या हाती त्यातली सुमारे ४ लाख ९० हजार लागली.

नेहमीची चूक साधी असते: ‘यूट्यूबवर आहेच की’ म्हणून फोनमधली मूळ फाइल पुसली जाते. अपलोड झालेली प्रत दाबून लहान केलेली, म्हणजे दर्जा घटलेली असते. मेसेजिंग अ‍ॅपवरून फिरलेल्या प्रतीतून तर चित्रणाची तारीख, ठिकाणही बहुधा गळतं. म्हणून आवाज डब्ल्यूएव्ही (सहसा न दाबलेल्या) स्वरूपात, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटवर घ्यावा. सोबत कोण, कुठे, कधी, कोणत्या बोलीत आणि परवानगी कशापुरती, ही नोंद हवी. प्रती ३, साठवणीची साधनं २ प्रकारची, एक प्रत दुसऱ्या जागी.

परवानगीचा रकाना सर्वाधिक वेळा कोरा राहतो. फ्यूक्स यांची मुद्रणं आज लायब्ररी ऑफ काँग्रेस या अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहेत आणि त्यांना पासामाक्वाडी समाजाने ठरवलेली ‘पारंपरिक ज्ञान’ लेबलं जोडली गेली आहेत: मुद्रण कुणाचं, ते कसं वापरावं. व्हिडिओ पोस्ट करताना असं काही कुणी विचारत नाही.