तहानलेला पाम आणि बुडालेला पाम

दिवाळी उलटून थंडी पडायला लागली की नातेवाइकांकडून मला कुंड्यांचे फोटो यायला लागतात. अरेका पामचं दोन-तीन फुटी रोप, पानं पिवळट, टोकं तपकिरी आणि खाली एकच प्रश्न: "पाणी कमी पडतंय का गं?" विचारेपर्यंत तांब्याभर पाणी वाढवूनही झालेलं असतं. महिन्याभरात पुन्हा फोटो येतो, तेव्हा रोप गेलेलं असतं. दर हिवाळ्यात हेच बघून आता मला राहवत नाही, म्हणून एकदा सविस्तर लिहिते. घरातले पाम थंडीत तहानेनं क्वचित मरतात. बहुतेक मरतात ते पाण्यानं. पण पाण्यानं मरणारा पाम तहानलेल्यासारखाच दिसतो, आणि सगळा घोळ तिथेच होतो.

तहानलेलं झाड सगळ्यांना ओळखता येतं. पानाच्या पात्या मधल्या शिरेवर मिटायला लागतात, माती कुंडीच्या कडेपासून सुटते, कुंडी उचलली तर हलकी लागते, खालची जुनी पानं टोकाकडून कुरकुरीत होत जातात. पाणी दिलं की एक-दोन दिवसांत पात्या पुन्हा उघडतात. यात कोणी चुकत नाही.

बुडालेलं झाड मात्र फसवतं. मुळांनाही श्वास घ्यावा लागतो. मातीच्या कणांमधल्या पोकळीत हवा असते तोवर मुळं काम करतात आणि पाणी वर चढवतात. त्या पोकळ्या सतत पाण्यानं भरलेल्या राहिल्या की मुळं गुदमरतात, काळी पडतात, सडतात. सडलेलं मूळ पाणी ओढू शकत नाही. म्हणजे कुंडीत पाणी तुडुंब आणि वरचं पान कोरडं. पान बिचारं खरोखरच तहानलेलं असतं, फक्त त्याची तहान पाणी घालून भागणारी नसते. आपण पान बघतो, पाणी घालतो, उरलीसुरली मुळंही जातात.

आपल्याकडे यासाठी शब्द आहे: वाफसा. सांगलीतल्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारा, वाफसा आल्याशिवाय तो रानात पाऊल टाकणार नाही. ओल हवी आणि हवाही हवी, दोन्ही एका वेळी. द्राक्षबागेत ठिबक किती मिनिटं चालवायचं याचा हिशेब ठेवणारी माणसं घरातल्या कुंडीत मात्र रोज सकाळी सवयीनं पाणी ओततात, हे मला अजून कळलेलं नाही. अती पाण्यानं काय होतं ते आपल्या जिल्ह्याला कोणी शिकवायची गरज नाही. कृष्णाकाठची वाळवा-मिरजेकडची क्षारपड, म्हणजे अती पाण्यानं क्षार वर येऊन नापीक झालेली रानं डोळ्यांसमोर आहेत. पाणी मुरायला वाट नसलेली कुंडी म्हणजे त्याच रानाचा एक तुकडा.

आणि थंडीत हे का वाढतं? रोपाचा पाण्याचा खर्चच कमी होतो. इथे सर्वात लहान दिवस साधारण ११ तासांचा, सर्वात मोठा १३ तासांचा. पहाटे पारा १२-१३ अंशांपर्यंत उतरतो, साताऱ्यात डोंगराच्या बाजूला त्याहूनही खाली. अरेका मूळचा मादागास्करचा, उबेतला. गारठ्यात त्याची मुळं मंदावतात, नवं पान येणं जवळजवळ थांबतं. मे महिन्यात दोन दिवसांत सुकणारी कुंडी डिसेंबरात आठ-दहा दिवस ओली राहते. पाण्याचं वेळापत्रक मात्र मेचंच चालू असतं. "एक दिवसाआड पाणी द्या" हे नर्सरीतलं वाक्य मला मनापासून नकोसं वाटतं. कुठल्या महिन्यात, केवढ्या कुंडीत, कुठल्या मातीत, यातलं काहीच त्यात नसतं.

मग ओळखायचं कसं? पान बघून ठरवायचं नाही, हा माझा पहिला आणि ठाम नियम. खाली बघायचं.

खराट्याची एक काडी घ्या. तीही एका पामचीच, नारळाच्या पातीची शीर. कुंडीच्या कडेनं ती तळापर्यंत खुपसा, दहा मिनिटं ठेवा आणि बाहेर काढा. खालचं टोक ओलसर, चिखल चिकटलेलं असेल तर पाणी नको, वरची माती कितीही कोरडी दिसो. बोट घालून बघणं मला पुरेसं वाटत नाही. बोट दोन इंच जातं आणि घात तळाशी झालेला असतो. काडीचा वासही घ्या. ओल्या मातीचा वास चांगला. गटारासारखा कुबट वास आला तर मुळं सडायला लागली आहेत. कुंडीभोवती बारीक चिलटं घोंघावत असतील किंवा मातीवर हिरवा थर धरला असेल, तर ओल फार दिवस राहिली आहे असं समजा.

दुसरी खूण शेंड्याची. उसाच्या गावात राहणाऱ्यांना ही लगेच कळेल. पोंगा सुकलेला दिसला की आपण तो ओढून बघतो. अलगद हातात आला की आत खोडकिडीनं काम केलेलं असतं. पामचा न उघडलेला, सुरळीसारखा पोंगाही तसाच हलक्या हातानं ओढून बघायचा. तहानलेल्या रोपाचा पोंगा घट्ट आणि हिरवा असतो, नुसता वाढायचा थांबलेला. बुडालेल्या रोपात सड वर चढली असेल तर तो बुडाशी तपकिरी होऊन सुटून येतो. पामच्या एका खोडाला वाढणारा शेंडा एकच असतो. तो गेला की ते खोड संपलं, बाजूनं फांदी फुटत नाही. अरेकाला बुडातून अनेक खोडं येतात म्हणून एक गेलं तरी बाकीची राहू शकतात. नारळाच्या रोपाला ती सोय नाही.

आता त्या तपकिरी टोकांबद्दल, कारण सगळी गडबड तिथून सुरू होते. पान हिरवंगार आहे आणि फक्त टोकाचं अर्धा-एक इंच करपलंय, तर ती बहुतेक वेळा कोरड्या हवेची किंवा क्षारांची खूण. आपली थंडी कोरडी, त्यात बोअरचं जड पाणी. पाणी उडून जातं, क्षार कुंडीत साठतात आणि टोकांना लागतात. हे दिसायला वाईट, पण याने रोप मरत नाही. जास्त पाणी घालून ही टोकं हिरवी होणार नाहीत. करपलेला भाग कधीच हिरवा होत नाही. पावसाचं साठवलेलं पाणी असेल तर उत्तम. नसेल तर उन्हाळ्यात एखाद्या वेळी भोकातून भरपूर वाहील इतकं पाणी देऊन माती धुवून काढा. टोक कापायचंच असेल तर तपकिरी भागाची बारीक कड ठेवून कापा. हिरव्यात कात्री घातली की नवी कड पुन्हा करपते.

पानांवर रोज फवारा मारणं मला अजिबात पटत नाही. हवेतला ओलावा काही मिनिटंच वाढतो आणि पोंग्यात साचलेलं पाणी गार रात्रीत कुजायला निमित्त होतं. चार कुंड्या एकमेकींजवळ ठेवा, त्याचा जास्त उपयोग होतो.

आणि ती शोभेची बाहेरची कुंडी! नर्सरीतली पिशवी किंवा प्लॅस्टिकची कुंडी बिनभोकाच्या चकचकीत कुंडीत तशीच उतरवायची, वरून दगडगोटे पसरायचे. आत तळाशी चार बोटं पाणी साचलेलं असतं आणि कोणाला दिसत नाही. माझी साताऱ्याची मावशी शाहूपुरीत राहते. तिनं मागच्या जानेवारीत फोन केला, "रोज पाणी घालते तरी सुकतंय बघ." मी म्हटलं, मावशी, आतली कुंडी उचलून बाहेर काढ आणि बाहेरच्या कुंडीत डोकावून बघ. अर्धा तांब्या पाणी निघालं, काळपट, वास येणारं. तेवढ्यातच मुळं उभी होती, कधीपासून कोणास ठाऊक.

एक उलटी फसवणूकही सांगते, कारण हिच्यात मी स्वतः फसले आहे. कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, पूर्ण कोरडं झालं की ते पाणी धरत नाही. वरून घातलेलं पाणी कडेनं सरळ खाली उतरतं, ताटलीत येतं, आपण म्हणतो भरपूर झालं. मधला मुळांचा गोळा मात्र कोरडा ठणठणीत. हे रोप रोज पाणी मिळूनही खरोखर तहानलेलं असतं. इथे काडी कोरडी निघते आणि कुंडी पाणी घातल्यावरही हलकी लागते. घमेल्यात चार-पाच इंच पाणी घेऊन अर्धा तास कुंडी त्यात ठेवा, मग निथळू द्या. एकदाच.

बुडालेल्या रोपाचं काय करायचं? आधी पाणी बंद. बाहेरची कुंडी कायमची काढा. कुंडी रात्रभर तिरकी करून ठेवा, बरंच पाणी निथळतं. मग तिला दक्षिणेच्या खिडकीशी न्या. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे झुकतो आणि ऊन घरात खोलवर येतं. उन्हाळ्यात चांगली असलेली उत्तरेची गॅलरी आता गार आणि अंधारी होते. काडी अर्ध्यापर्यंत कोरडी निघेपर्यंत थेंबभरही नको. खत नको, युरिया तर मुळीच नको. सडलेल्या मुळांना खत म्हणजे जखमेवर मीठ. बोर्डोची, म्हणजे मोरचूद-चुन्याच्या बुरशीनाशकाची फवारणी विचारणारे पुष्कळ भेटतात, द्राक्षाची सवय. पण माती ओलीच राहणार असेल तर ती मारून काही साधत नाही.

कुंडी बदलायची घाई करू नका. पामला मुळं हलवलेली आवडत नाहीत, थंडीत तर नाहीच. होळी झाल्यावर बदला. अपवाद एकच: वास येतोय आणि रोप बुडाशी डगमगतंय. तेव्हा थांबून उपयोग नाही. बाहेर काढा, काळी मऊ मुळं कापा, कडक आणि फिकट रंगाची ठेवा, आणि उरलेल्या मुळांना पुरेल एवढ्याच लहान कुंडीत लावा. आपली काळी माती अजिबात नको, ती पाणी सोडत नाही. जाड वाळू, कोकोपीट आणि थोडं कुजलेलं शेणखत पुरे.

बाकीचे गोंधळ फार मोठे नाहीत. अरेका पाम म्हणजे सुपारीचं झाड नव्हे, आणि सागो पाम तर पामच नाही, तो सायकस, नुसता पामसारखा दिसणारा. पाण्याचा नियम मात्र त्यालाही हाच, त्याला तर आणखी कमी.

मावशीच्या कुंडीतल्या पाच खोडांपैकी दोन गेली. ती बुडापासून कापून टाकली. आता मावशी खराट्याची काडी कुंडीतच खोचून ठेवते आणि दर रविवारी काढून बघते.