ज्यू बालचित्रपुस्तके

ज्यू मुलांसाठी, त्यांचे सण, कथा आणि घरगुती जीवन घेऊन काढलेली सचित्र पुस्तके. हिब्रू, यिडिश (पूर्व युरोपातल्या ज्यूंची बोली) आणि इंग्रजी या त्यांच्या मुख्य भाषा. बालचित्रपुस्तक हा प्रकार आधुनिक खरा, पण ज्यू घरांपुरते त्याचे मूळ सणाच्या पंगतीत शोधावे लागते.

वल्हांडण (पासोव्हर) या ज्यू सणाच्या रात्री मिसरमधल्या, म्हणजे इजिप्तमधल्या, गुलामीतून झालेल्या सुटकेची कथा वाचतात. ज्या पोथीतून ती वाचतात तिला हग्गादा म्हणतात. ही कथा मुलांना सांगायची, अशी आज्ञाच आहे. म्हणून घरातले सर्वांत धाकटे मूल आधी विचारते, ‘आजची रात्र इतर रात्रींहून वेगळी का?’ अडचण एवढीच की वाचन लांबते, जेवण मागे पडते आणि पोरे पेंगू लागतात. ती जागी राहावीत म्हणून रब्बी अकिवा भाजलेले दाणे आणि आक्रोड वाटत, असे ताल्मुद या ज्यू धर्मशास्त्राच्या ग्रंथात आले आहे. हग्गादेतल्या चित्रांचाही पुढे तोच उपयोग झाला. दक्षिण जर्मनीत सुमारे 1300 साली लिहिलेल्या आणि आता जेरुसलेमच्या इस्राएल संग्रहालयात असलेल्या हग्गादेत माणसांना पक्ष्यांची डोकी आहेत. चोच, त्यावर टोकदार टोपी, अशी ही मंडळी सणाची तयारी करताना दिसतात. माणसाचा चेहरा काढणे टाळण्यासाठी हे केले असावे, हे एक स्पष्टीकरण. त्यावर वाद आहेत. पेंगणाऱ्या मुलाला मात्र स्पष्टीकरणाची गरज पडली नसावी.

या परंपरेची एक फांदी मराठीतही आहे. कोकणातल्या बेने इस्राएल या ज्यू समाजासाठी 1846 साली मुंबईत मराठी भाषांतरासह हग्गादा शिळाछापावर निघाली, आणि 1874 साली पुण्यात सचित्र हग्गादा छापली गेली. हिब्रूशेजारी मराठी मजकूर असलेल्या या पुस्तकातल्या एका चित्रात साड्या नेसलेल्या बायका खाली बसून बेखमीर भाकरी करीत आहेत. ते काही मुलांचे पुस्तक म्हणून निघाले नव्हते. पण चित्रात आपल्या आईसारखीच बाई दिसणे ही बालचित्रपुस्तकातली मोठी गोष्ट, आणि ती पुण्यात तेव्हाच साधली होती.

खास मुलांसाठी चित्रपुस्तके काढण्याचा जोर पहिल्या महायुद्धानंतर वाढला. रशियातल्या झारशाहीची बंधने सुटल्यावर कीव्हमधल्या ‘कुल्तुर-लिगे’ या यिडिश संस्थेने मुलांची पुस्तके काढली. त्यांतले सर्वांत गाजलेले म्हणजे चित्रकार एल लिसित्स्कीचे ‘खद गद्या’, म्हणजे ‘एक करडू’ (1919). हग्गादेच्या शेवटी गातात ते हे गाणे : बाबांनी दोन झुझ (जुनी नाणी) देऊन करडू आणले, त्याला मांजराने खाल्ले, मांजराला कुत्रा चावला, कुत्र्याला काठीने बडवले. काठीला आग, आगीला पाणी, पाण्याला बैल, बैलाला खाटीक, खाटकाला मृत्यूचा दूत, आणि शेवटी दूताला खुद्द देव. लिसित्स्कीने प्रत्येक कडव्याला एक पान दिले आणि चित्रातल्या पात्राचा जो रंग, तोच मजकुरातल्या त्याच्या नावाला दिला. अक्षरओळख नसलेले पोरही रंगावरून शब्द हुडकू शकते. मृत्यूदूताच्या डोक्यावरचा मुकुट झारचा आहे, असे अभ्यासक म्हणतात. हे खरे असेल, तर करडाच्या गाण्यात क्रांतीही शिरली म्हणायची. अवघ्या काही डझन प्रतींचे हे पुस्तक आज मुलांच्या हाती नाही, संग्रहालयांच्या काचेत आहे.

बर्लिनमध्ये 1933 साली, म्हणजे हिटलर सत्तेवर आला त्याच वर्षी, मुलांची एक हग्गादा निघाली. चित्रे एर्विन सिंगर यांची. कागदाची पट्टी ओढली की चित्र हलते आणि मिसरच्या राजाचे, फारोचे, सैन्य समुद्रात बुडते. 1937 साली तिची आवृत्ती लंडनमध्ये निघाली.

इस्राएलमध्ये हिब्रू ही रोजची भाषा झाल्यावर धर्माचा धागा सैल झाला. मिरियम रॉथ यांचे पाच फुग्यांच्या गोष्टीचे पुस्तक (1974) तिथल्या पिढ्यांना पाठ आहे. त्यात फुगे एकेक करून फुटतात, शेवटचा वाऱ्याने उडून जातो, सण एकही नाही. अमेरिकेत उलट. तिथली पुस्तके बहुधा हनुक्का हा दिव्यांचा सण आणि शब्बाथ हा आठवड्याचा विश्रांतीचा दिवस यांभोवती फिरतात, आणि त्यांतली बरीच नुसत्या माहितीच्या ओझ्याने जड होतात. सिम्स टॅबॅक यांचे योसेफच्या ओव्हरकोटाचे पुस्तक असे नाही. यिडिश लोकगीतावरून घेतलेल्या या गोष्टीत फाटका कोट आधी जाकीट होतो, मग बंडी, आणि असे होत होत शेवटी नुसते बटण उरते. पानांना भोके पाडलेली आहेत. भोकातून पुढचे कापड डोकावते. या पुस्तकाला चित्रपुस्तकांसाठी असलेले अमेरिकेतले कॅल्डेकॉट पदक 2000 साली मिळाले. अमेरिकेतल्या ज्यू ग्रंथपालांच्या संघटनेचा सिडनी टेलर पुरस्कार खास ज्यू बालपुस्तकांना 1968 पासून दिला जातो.

वाटपाचे गणित बदलले ते 2005 साली. हॅरल्ड ग्रिनस्पून यांच्या प्रतिष्ठानाने सुरू केलेल्या ‘पीजे लायब्ररी’तून ज्यू कुटुंबांना दरमहा एक पुस्तक टपालाने फुकट येते. पीजे म्हणजे पायजमा, अर्थात झोपताना वाचायचे पुस्तक. हग्गादेच्या चित्रांनी पोर जागे ठेवायचे, इथे झोपवायचे. इस्राएलमध्ये 2009 पासून हीच योजना ‘सिफ्रियात पिजामा’ या नावाने बालवाड्यांतून चालते. बाई आधी वर्गात गोष्ट वाचतात आणि मग पुस्तक मुलाच्या दप्तरातून घरी जाते.