वाळवंटी मासा आणि त्याचे तिसरे नाव

प्राण्याच्या शास्त्रीय नावात साधारणपणे दोन शब्द असतात: पहिला प्रजातीचा, दुसरा जातीचा. त्यांना तिसरा शब्द जोडणारा संशोधक असा दावा करत असतो की, हे प्राणी त्याच जातीचे असले, तरी एका विशिष्ट प्रदेशात राहून ते आपल्या भाईबंदांपासून ओळखता येण्याइतके वेगळे झाले आहेत. अशा गटाला उपजाती म्हणतात. हा दावा सिद्ध करणे किती अवघड असते, हे अमेरिकेतील अमार्गोसा नदीच्या माशांनी चांगलेच दाखवून दिले आहे.

नेवाडा राज्यात उगम पावणारी ही सुमारे ३०० किलोमीटर लांबीची नदी समुद्राला मिळतच नाही. कॅलिफोर्नियातील डेथ व्हॅलीत, समुद्रसपाटीच्या ८६ मीटर खाली ती संपते. तिचा बराचसा प्रवाह वाळूखालून जातो आणि पाणी वर दिसते ते मोजक्या टप्प्यांत व झऱ्यांच्या आसपास. हिमयुगात या प्रदेशात मोठी सरोवरे होती. हवामान कोरडे होत गेले तशी ती आटली आणि पपफिश नावाचे, जेमतेम तीन ते पाच सेंटिमीटर लांबीचे मासे उरलेल्या पाण्यात ठिकठिकाणी अडकून पडले. मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरातील डोंगरांत उगम पावणाऱ्या दहिसर आणि मिठी या नद्यांतील निव्वळ गोड्या पाण्यातल्या माशांना जशी खारी खाडी आडवी येते, तशी तिथे कोरडी वाळू आडवी येते. क्वचित येणारा पूर दोन पाणवठे जोडतो तेवढाच.

सायप्रिनोडॉन नेव्हाडेन्सिस ही इथली जाती कार्ल आणि रोझा आयगेनमन या दांपत्याने १८८९ साली नोंदवली. तिच्या उपजातींची तपशीलवार मांडणी मात्र मिशिगन विद्यापीठाच्या रॉबर्ट रश मिलर यांनी १९४८ साली केली. हे काम कमालीचे किचकट असते. प्रत्येक माशाचे खवले भिंगाखाली ओळीने मोजायचे, परांना आधार देणारे अर मोजायचे, डोके, डोळा, शेपटीचा दांडा यांची मापे घेऊन ती शरीराच्या लांबीच्या प्रमाणात मांडायची, आणि नर व मादी यांचे तक्ते वेगळे ठेवायचे, कारण त्यांची ठेवण मुळातच निराळी असते. एवढे करून हाती काय लागते? पेक्टोरॅलिस या उपजातीत छातीजवळच्या परात सहसा १७ अर असतात, इतरांत सहसा १६. यातला ‘सहसा’ हा शब्द महत्त्वाचा आहे. सुटा एक मासा समोर ठेवला, तर त्याची उपजाती छातीठोकपणे सांगता येईलच असे नाही. फरक असतो तो समूहांच्या सरासरीत. किती फरक पुरेसा मानावा, यासाठी पक्षिशास्त्रज्ञांनी पूर्वी ७५ टक्क्यांचा एक नियम वापरला (एका समूहातले किमान ७५ टक्के प्राणी दुसऱ्या समूहापासून ओळखता यावेत), पण तो अखेर संकेतच आहे.

खरी अडचण याहून खोल आहे. माशांत खवल्यांची आणि अरांची संख्या अंड्यातून वाढताना मिळालेल्या तापमानावरही अवलंबून असते. शॉन लेमा आणि गॅब्रिएल नेव्हिट यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत अमार्गोसा नदीतल्या पपफिशच्या पिल्लांमधील थायरॉइड संप्रेरक औषधाने कमी केले, तेव्हा त्यांना पोटाजवळचे पर फुटलेच नाहीत. हे पर नसणे हे जवळच्याच डेव्हिल्स होल या पाण्याने भरलेल्या गुहेत राहणाऱ्या, स्वतंत्र जाती मानल्या गेलेल्या पपफिशचे ठळक लक्षण आहे. अन्न कमी मिळाले की हे संप्रेरकही घटू शकते. तात्पर्य, ज्याला आपण आनुवंशिक वेगळेपण समजतो, ते काही अंशी गरम आणि अन्नाची टंचाई असलेल्या पाण्याने घडवलेले असू शकते. माझ्या मते केवळ मापांवर उभ्या असलेल्या उपजातीकडे त्यामुळे थोड्या संशयानेच पाहावे.

मात्र निःसंशय पुरावा मिळेपर्यंत थांबण्याचीही किंमत असते. मिलर यांनीच नाव दिलेली कॅलिडी ही उपजाती कॅलिफोर्नियातील टेकोपाच्या उष्ण झऱ्यांतून वाहणाऱ्या पाण्यात राहत असे. तिथे स्नानगृहे बांधली गेली, प्रवाह वळवून सरळ केले गेले, बाहेरचे मासेही आले. त्यांत गॅम्बुसिया होता. डासांच्या अळ्या खाव्यात म्हणून आपल्याकडेही तो आणि गप्पी पाण्यात सोडले जातात. १९७० साली या उपजातीला कायद्याचे संरक्षण मिळाले आणि १९८२ साली ती नामशेष झाल्यामुळे यादीतून काढण्यात आली. तिला नावच नसते, तर नाहीशी झाल्याची नोंदही झाली नसती.

आज नवी उपजाती मांडणाऱ्याला प्राणिनामकरणाच्या आंतरराष्ट्रीय संहितेनुसार एक विशिष्ट नमुना (होलोटाइप) किंवा नमुन्यांचा संच त्या नावाचा आधार म्हणून नेमावा लागतो आणि तो कोणत्या संग्रहात ठेवणार हे सांगावे लागते. फॉर्मालिनमध्ये आकार टिकतो पण डीएनए खराब होतो, म्हणून मासा त्यात बुडवण्याआधी पराचा बारीक तुकडा तीव्र अल्कोहोलमध्ये वेगळा ठेवतात. तरीही ज्यांची सगळी संख्या एका डबक्यात मावते, अशा माशांतले किती मारून बरणीत भरायचे, हा प्रश्न उरतोच. त्यामुळे अनेक संशोधक आता एखाददुसरा मासा संग्रहासाठी ठेवतात आणि बाकीच्यांचे फोटो, मापे व पराचा कण घेऊन त्यांना जिवंत परत सोडतात.